उबुंटूवरचा फायरफॉक्स: एक्स्टेन्शन चालत नसेल तर आधी पॅकेज तपासा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, आणि ठाण्या-वाशीकडे रिफर्बिश्ड म्हणून मिळणाऱ्या मालात या वयाची यंत्रं भरपूर असतात. त्यांवर विंडोजऐवजी उबुंटू किंवा मिंट (दोन्ही लिनक्स) टाकलं की गाडी सुरळीत चालते. तक्रार येते ती ब्राउझरची: पासवर्डचं एक्स्टेन्शन जोडलं जात नाही, डाउनलोडवालं नुसतं फिरत राहतं, डिजिटल सहीचं टोकन दिसतच नाही. मग एक्स्टेन्शन काढा, परत टाका, वेगळं शोधा, असा खेळ सुरू होतो. त्यात वेळ जातो, कारण दोष बहुतेक वेळा एक्स्टेन्शनचा नसतोच. एकच फायरफॉक्स लिनक्सवर चार वेगवेगळ्या पॅकेजांत मिळतो आणि ती चारही एक्स्टेन्शनशी सारखी वागत नाहीत. हे परीक्षण त्या पॅकेजांचं आहे: उबुंटूचं कुंपणात चालणारं स्नॅप, मोझिलाचं नेहमीच्या पद्धतीचं डेब, मिंटचं डेब आणि फ्लॅटपॅक.

कमांड, फोल्डर आणि पत्ते इथे उच्चाराप्रमाणे दिले आहेत. टर्मिनलमध्ये टाइप करताना ते रोमन लिपीत जातील.

आपल्याकडे कोणतं पॅकेज आहे हे बघायला टर्मिनलवर फार विसंबू नका. उबुंटूवर ‘व्हिच फायरफॉक्स’ विचारलं तर उत्तर ‘/यूएसआर/बिन/फायरफॉक्स’ येऊ शकतं आणि वाटतं की नेहमीचं डेब पॅकेज आहे. प्रत्यक्षात ती छोटीशी स्क्रिप्ट असते आणि ती स्नॅपच उघडते. त्याऐवजी ॲड्रेस बारमध्ये ‘अबाउट:सपोर्ट’ टाका. वरच्याच तक्त्यात ‘ॲप्लिकेशन बायनरी’ आणि ‘प्रोफाइल डिरेक्टरी’ अशा दोन ओळी असतात. बायनरीचा पत्ता ‘/स्नॅप/’ने सुरू होत असेल तर स्नॅप, ‘/यूएसआर/लिब/फायरफॉक्स’ असेल तर डेब. स्नॅपची प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन ठेवणारा फोल्डर) घरच्या फोल्डरातल्या ‘स्नॅप/फायरफॉक्स/कॉमन/.मोझिला/फायरफॉक्स’मध्ये असते, जुन्या पद्धतीच्या डेबची थेट ‘.मोझिला/फायरफॉक्स’मध्ये. हे दोन पत्ते कागदावर लिहून ठेवा, पुढे लागतील.

उबुंटूने २१.१० पासून फायरफॉक्स स्नॅपमध्ये द्यायला सुरुवात केली आणि २२.०४ मध्ये स्वतःचं डेब पॅकेज बंदच केलं. तेव्हापासून ॲप्टला, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या अवजाराला, ‘ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स’ म्हटलं तरी येतो स्नॅपच. नुसतं जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन, डार्क रीडर, टॅब आवरणारं एखादं एक्स्टेन्शन, एवढंच लागत असेल तर स्नॅपला नावं ठेवायचं कारण नाही. ही सगळी ब्राउझरच्या आतच काम करतात. अपडेट आपोआप येतात, मराठीसकट भाषांचे पॅक आतच असतात. बूटनंतर पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो, कारण स्नॅप ही दाबून भरलेली फाइल असते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हा उशीर खुपतो, एसएसडीवर फारसा जाणवत नाही.

अडचण होते ती एक्स्टेन्शनला बाहेरच्या प्रोग्रामशी बोलायचं असतं तेव्हा. याला नेटिव्ह मेसेजिंग म्हणतात. कीपासएक्ससीसारखा पासवर्ड मॅनेजर, व्हिडिओ डाउनलोडचा साथीदार प्रोग्राम, ग्नोमची शेल एक्स्टेन्शन बसवणारा जोड, सगळे याच वाटेने जातात. बाहेरचा प्रोग्राम एक छोटी जेसन फाइल ठरलेल्या फोल्डरात ठेवतो. ती वाचून फायरफॉक्स त्या प्रोग्रामला सुरू करतो. स्नॅपमधला फायरफॉक्स मात्र कुंपणात असतो. सोसायटीच्या गेटवर पाहुण्याचं नाव कळवलेलं नसेल तर वॉचमन त्याला खालीच थांबवतो, तसं इथे होतं. उबुंटूने यावर तोडगा काढला आहे: एक्स्टेन्शनने पहिल्यांदा बाहेर हाक मारली की एक खिडकी येऊन परवानगी मागते. घाईत ‘नको’ दाबलं की तो नकार साठवला जातो आणि पुन्हा विचारणा होत नाही. एक्स्टेन्शन काढून परत टाकल्यानेही तो जात नाही, कारण तो प्रोफाइलमध्ये नसून डेस्कटॉपच्या परवानग्यांच्या नोंदीत असतो. ती नोंद बघायला, गंमत म्हणजे, स्नॅपच्या प्रतिस्पर्धी फ्लॅटपॅकचं अवजार लागतं: फ्लॅटपॅक इन्स्टॉल करून ‘फ्लॅटपॅक परमिशन्स’ ही कमांड द्या, ‘वेबएक्स्टेन्शन्स’ नावाच्या तक्त्यात प्रोग्रामचं नाव आणि ‘स्नॅप.फायरफॉक्स’पुढे ‘नो’ दिसेल. ‘फ्लॅटपॅक परमिशन-रिमूव्ह’ने ती ओळ काढली की पुढच्या वेळी खिडकी पुन्हा येते.

कीपासएक्ससीबद्दल आणखी दोन गोष्टी. तो शक्यतो ॲप्टमधूनच घ्या. ब्राउझर एका कुंपणात आणि पासवर्ड मॅनेजर दुसऱ्या, अशी जोडी जमवणं त्रासाचं आहे. दुसरं, डेबियन १३ वर (उबुंटू ज्यावर आधारलेला आहे ते लिनक्स) ‘कीपासएक्ससी-मिनिमल’ आणि ‘कीपासएक्ससी-फुल’ अशी दोन पॅकेजं आहेत. मिनिमलमध्ये ब्राउझरशी जोडणीच वगळलेली आहे, त्यामुळे सेटिंगमध्ये तो भाग सापडत नाही आणि माणूस उगाच एक्स्टेन्शनवर चिडतो. फुल बसवा, ‘ब्राउझर इंटिग्रेशन’ चालू करा, फायरफॉक्सवर खूण करा, ओके दाबा. मग ‘.मोझिला/नेटिव्ह-मेसेजिंग-होस्ट्स’ फोल्डरात ‘ओआरजी.कीपासएक्ससी…’ने सुरू होणारी फाइल आली का बघा. ती उघडून ‘पाथ’ची ओळ वाचा. तिथला पत्ता आधीच्या, काढून टाकलेल्या इन्स्टॉलेशनचा असेल तर जोडणी कधीच होणार नाही. फाइल काढा आणि खूण पुन्हा करा.

स्नॅपची दुसरी अडचण फाइलींची. घरच्या फोल्डरातले टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर त्याला वाचता येत नाहीत आणि त्याचा ‘/टेम्प’ फोल्डर वेगळा, स्वतःपुरता असतो. एक्स्टेन्शनच्या सेटिंगचा बॅकअप लपलेल्या फोल्डरातून आयात करायला गेलात तर फाइल ‘नाही’ असं उत्तर मिळू शकतं. ती फाइल डाउनलोड्समध्ये आणून ठेवली की काम होतं.

तिसरी अडचण सर्वात जड, आणि बेलापूर-वाशीकडे टेंडर भरणारे, जीएसटीची कामं करणारे यांना ती हमखास भेटते: डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. टोकन बनवणारी कंपनी एक पीकेसीएस-११ मोड्यूल देते, म्हणजे ‘.एसओ’ फाइल, आणि ती ‘/यूएसआर/लिब’खाली कुठेतरी बसते. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी डिव्हायसेस’मध्ये जाऊन ‘लोड’ने ती जोडायची असते. स्नॅपच्या आतून दिसणारा ‘/यूएसआर/लिब’ मात्र लॅपटॉपचा नसतो, स्नॅपच्या पायाभूत पॅकेजचा असतो. फाइल डिस्कवर असूनही लोड होत नाही ती यामुळे. सहीचे काही प्रोग्राम टोकनशी स्वतः बोलतात आणि ब्राउझरशी १२७.०.०.१ या पत्त्यावरच्या एका पोर्टवरून. तिथे अडलं तर आधी तो पत्ता पोर्ट क्रमांकासह नव्या टॅबमध्ये उघडा. प्रमाणपत्राचा इशारा येत असेल तर प्रोग्रामचं प्रमाणपत्र फायरफॉक्सच्या ‘ऑथॉरिटीज’ यादीत आयात करायचं राहिलं आहे. फायरफॉक्सची ही यादी स्वतःची वेगळी असते, क्रोमला चालतं म्हणून इथे चालेल असं नाही.

एकूण स्नॅप: साध्या वापराला पाचपैकी चार, टोकन आणि पासवर्ड मॅनेजरवाल्यांना दोन.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं स्वतःचं डेब पॅकेज पाचपैकी साडेचार. जानेवारी २०२४ मध्ये, फायरफॉक्स १२२ बरोबर, मोझिलाने डेबियन-उबुंटूसाठी नेहमीचा फायरफॉक्स स्वतःच्या ॲप्ट साठ्यातून द्यायला सुरुवात केली. पत्ता ‘पॅकेजेस.मोझिला.ओआरजी’. अर्धा गुण कापला तो बसवण्याच्या किचकटपणाबद्दल. मोझिलाच्या पानावर कमांड दिलेल्या आहेत, त्या क्रमाने द्याव्यात: ‘/ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज’ फोल्डर तयार करणं, सहीची किल्ली उतरवून त्यात ठेवणं, तिचा फिंगरप्रिंट पानावरच्याशी जुळवणं, ‘सोर्सेस.लिस्ट.डी’मध्ये साठ्याची नोंद करणं. यानंतरची पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. ‘/ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी/मोझिला’ ही फाइल करून त्यात तीन ओळी लिहायच्या: पॅकेज म्हणून तारा-चिन्ह, पिन म्हणून ‘ओरिजिन पॅकेजेस.मोझिला.ओआरजी’, आणि पिन-प्रायॉरिटी १०००.

ही प्रायॉरिटी का लागते? उबुंटूच्या ॲप्टमधल्या, स्नॅपच आणणाऱ्या नावापुरत्या फायरफॉक्स पॅकेजच्या आवृत्तीपुढे ‘१:’ असा आकडा लावलेला असतो. ॲप्टच्या हिशोबात हा आकडा बाकी सगळ्यांवर मात करतो. मोझिलाची आवृत्ती कितीही नवी असली तरी ॲप्टला ती खालचीच वाटते. पिन १००० दिल्यावरच ॲप्ट वरून खाली यायला तयार होतो. पिन न लिहिता इन्स्टॉल केलं तर सगळं नीट झाल्यासारखं दिसतं आणि हाती पुन्हा स्नॅप पडतो. पिन लिहून झाल्यावर ‘ॲप्ट अपडेट’ आणि मग ‘ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स’. अडलं तर ‘--अलाउ-डाउनग्रेड्स’ जोडा. मराठी मेनू हवे असतील तर ‘फायरफॉक्स-एल१०एन-एमआर’ हे पॅकेजही घ्या.

डेब आल्यावर पहिला धक्का बसतो: सगळी एक्स्टेन्शन, बुकमार्क, पासवर्ड गायब. काहीही गेलेलं नसतं. स्नॅप आणि डेब प्रत्येकाची प्रोफाइल वेगळी असते, इतकंच. फायरफॉक्स सिंकने एक्स्टेन्शन परत येतात, पण त्यांची सेटिंग बहुतेकदा येत नाहीत. यूब्लॉकचे स्वतः लिहिलेले नियम तर नाहीच. म्हणून आख्खी प्रोफाइल उचलणं बरं. दोन्ही फायरफॉक्स बंद करा. डेबवाला एकदा उघडून बंद करा म्हणजे त्याचा फोल्डर तयार होतो. मग स्नॅपच्या फोल्डरातली ‘.डिफॉल्ट’ने संपणारी प्रोफाइल ‘सीपी -ए’ने नव्या ठिकाणी कॉपी करा, हलवू नका. डेबवाल्यात ‘अबाउट:प्रोफाइल्स’ उघडा, नवी प्रोफाइल तयार करताना ‘चूज फोल्डर’ म्हणून हाच फोल्डर दाखवा, तिला डिफॉल्ट करा, पुन्हा सुरू करा. एक्स्टेन्शनला ब्राउझरने दिलेला अंतर्गत क्रमांक प्रोफाइलमध्येच असतो, त्यामुळे त्यांचा साठवलेला डेटाही जागेवर सापडतो. इथे आवृत्ती बघा: नव्या फायरफॉक्सने वापरलेली प्रोफाइल जुना फायरफॉक्स उघडू देत नाही. स्नॅपवरून डेबियनच्या ईएसआरवर (लांब मुदतीच्या, सावकाश बदलणाऱ्या आवृत्तीवर) जाताना हा अडथळा नक्की येतो.

डॉकवर पिन केलेलं चिन्ह अजून स्नॅपचंच असतं. ते काढून नवं लावलं नाही तर रोज जुनाच उघडेल आणि ‘डेब टाकूनही तसंच’ असं वाटत राहील. सगळं चालतंय याची खात्री झाल्यावर ‘स्नॅप रिमूव्ह फायरफॉक्स’ द्या, मात्र ‘--पर्ज’ जोडू नका. नुसत्या रिमूव्हने डेटाची एक प्रत आपोआप राखली जाते, साधारण ३१ दिवस; ‘स्नॅप सेव्ह्ड’ने ती दिसते. एक तोटाही सांगायला हवा: उबुंटूच्या आपोआप होणाऱ्या सुरक्षा-अपडेटमध्ये मोझिलाचा साठा मुळात धरलेला नसतो. सॉफ्टवेअर अपडेटर अधूनमधून स्वतः चालवायचा.

मिंटवाल्यांनी वरचं सगळं सोडून द्यावं. लिनक्स मिंट २०२२ पासून मोझिलाशी झालेल्या करारानुसार फायरफॉक्स डेब म्हणूनच देतो आणि स्नॅपला मुळातच दारात अडवतो. नवशिक्याला टोकन वापरायचं असेल तर उबुंटूशी झगडण्यापेक्षा मिंट सोपं. फ्लॅटपॅकवरचा फायरफॉक्स मोझिलाच फ्लॅटहबवर ठेवते, चालतोही छान, पण नेटिव्ह मेसेजिंग त्यात सरळ होत नाही. पासवर्ड मॅनेजर जोडायचा असेल तर त्याचा विचार करू नये.

आता पॅकेज बरोबर असूनही बिघाड उरला, तर एक्स्टेन्शनकडे वळायचं. मदत मेनूतला ‘ट्रबलशूट मोड’ हा पहिला उपाय म्हणून सगळे सांगतात. टर्मिनलवरून ‘फायरफॉक्स --सेफ-मोड’. पण त्याचा निकाल सावधपणे वाचावा. हा मोड एक्स्टेन्शनबरोबर थीम, ‘यूजरक्रोम’चे (ब्राउझरचं रूप बदलणाऱ्या फाइलीचे) बदल आणि ग्राफिक्सचं हार्डवेअर ॲक्सिलरेशनही बंद करतो. तिथे पान नीट दिसलं म्हणून एक्स्टेन्शन दोषी ठरत नाही. नेहमीच्या मोडमध्ये येऊन, सेटिंगमधल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये फक्त हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघा. एक्स्टेन्शनची पॉपअप खिडकी कोरी दिसत असेल किंवा लुकलुकत असेल तर ‘एमओझेड_एनेबल_वेलँड=०’ पुढे लावून फायरफॉक्स सुरू करून बघणंही फायद्याचं; १२१ पासून फायरफॉक्स वेलँडवर (लिनक्सच्या खिडक्या दाखवण्याच्या नव्या पद्धतीवर) आपोआप जातो आणि जुन्या ग्राफिक्सवर कधी तिथेच गडबड असते.

खरंच एक्स्टेन्शन असेल तर एकेक बंद करत बसू नका. निम्मी बंद करा, बिघाड राहिला की उरलेल्यांतली निम्मी. बारा एक्स्टेन्शन असली तरी तीन-चार फेऱ्यांत चोर सापडतो. लॅपटॉप तापत असेल तर ‘अबाउट:प्रोसेसेस’ बघा. तिथे ‘एक्स्टेन्शन्स’ची प्रोसेस सतत सीपीयू खात असेल तर दिशा कळते, मात्र सगळी एकाच प्रोसेसमध्ये चालत असल्याने नेमकं नाव पुन्हा निम्म्या-निम्म्यानेच काढावं लागतं. दोन जाहिरात-ब्लॉकर एकत्र ठेवणं हे सर्वात जास्त दिसणारं आणि सर्वात निरर्थक कारण. वीजबिल किंवा मालमत्ता कर भरताना पेमेंटचं पान मध्येच अडकतं तेव्हा सगळं उपटून टाकू नका. यूब्लॉकचं मोठं बटण त्या साइटपुरतं बंद करा आणि व्यवहार पहिल्यापासून करा. अडकलेलं पान रिफ्रेश करू नका.

काही गोष्टी बिघाड वाटतात आणि नसतात. खासगी खिडकीत एक्स्टेन्शन चालत नाहीत, कारण ‘रन इन प्रायव्हेट विंडोज’ ही परवानगी मुळात बंद असते. मोझिलाच्या स्वतःच्या एक्स्टेन्शन साइटवर ती चालत नाहीत, ते मुद्दाम. आणि फायरफॉक्स ११५ पासून मोझिला काही साइटवर न तपासलेल्या एक्स्टेन्शनना थांबवू शकते. त्या वेळी कोड्याच्या तुकड्याच्या चिन्हाखाली तशी सूचना दिसते.

यादीच गोंधळली असेल, म्हणजे इन्स्टॉल होऊनही दिसत नाही, काढलं तरी जात नाही, तर फायरफॉक्स पूर्ण बंद करून प्रोफाइलमधल्या ‘एक्स्टेन्शन्स.जेसन’ आणि ‘ॲडऑनस्टार्टअप.जेसन.एलझेड४’ या दोन फाइलींची नावं बदला. उघडल्यावर तो त्या नव्याने बनवतो. ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ हे बटण अगदी शेवटी: त्याने बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, एक्स्टेन्शन जातात.

सगळी एक्स्टेन्शन एकाच दिवशी ‘पडताळणी झाली नाही’ म्हणून बंद पडली तर घड्याळ आणि आवृत्ती बघा. ४ मे २०१९ ला मोझिलाचं मधलं प्रमाणपत्र संपलं आणि जगभरची एक्स्टेन्शन बंद पडली होती. १४ मार्च २०२५ ला मूळ प्रमाणपत्र संपलं. १२८ च्या आधीचे फायरफॉक्स, आणि ईएसआर असेल तर ११५.१३ च्या आधीचे, यांना त्याचा फटका बसतो. कुणी जुन्या पेन ड्राइव्हवरून जुनी इमेज टाकून दिली असेल तर हेच होतं. अपडेट करणं हाच उपाय. घड्याळाचा प्रश्न विंडोजबरोबर ड्युअल बूट असेल तिथे येतो. विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तीच जागतिक वेळ समजतं, आणि नेट लागेपर्यंत घड्याळ नेमकं साडेपाच तास पुढे असतं. ओटीपी बनवणारी एक्स्टेन्शन त्या काळात चुकीचे आकडे देतात, कारण ते दर ३० सेकंदांनी वेळेवरूनच ठरतात. ‘टाइमडेटसीटीएल’ने वेळ तपासा, वेळ नेटवरून जुळवायला ‘टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू’ द्या. लॅपटॉप बंद करून ठेवला की तारीखच मागे पडत असेल तर मदरबोर्डवरची बॅटरी गेली आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती सीआर२०३२ असते, पण वायर आणि छोट्या कनेक्टरसकट, त्यामुळे घड्याळवाल्याकडची सुटी बॅटरी चालेलच असं नाही.

क्रोमवर जावं का, हा प्रश्न येतोच. टोकन आणि नेटिव्ह मेसेजिंगसाठी गुगलचं डेब पॅकेज ठीक आहे. पण २०२५ मध्ये क्रोम १३९ पासून मॅनिफेस्ट व्ही-२ ची, म्हणजे जुन्या रचनेची, एक्स्टेन्शन पूर्ण बंद झाली. यूब्लॉक ओरिजिन तिथे चालत नाही, त्याची हलकी लाइट आवृत्ती मिळते. उबुंटूच्या ॲप्टमधला क्रोमियम हा १९.१० पासून स्नॅपच आहे, तेव्हा फायरफॉक्स-स्नॅपला कंटाळून तिकडे जाण्यात अर्थ नाही.

आणि मराठी टायपिंगसाठी ब्राउझरचं एक्स्टेन्शन शोधू नका. ‘आयबस-एम१७एन’ इन्स्टॉल करा, लॉग आउट करून परत या, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनपुट सोर्स म्हणून मराठी इनस्क्रिप्ट किंवा आयट्रान्स जोडा. ते ब्राउझरबरोबरच लिबरऑफिसमध्ये आणि फाइलींची नावं देतानाही चालतं.